खाडीच्या चिखलावर पक्षी पाहताना या चुका टाळा

मुंबईतल्या शिवडीच्या धक्क्यावर पहाटे साडेसहाला पोहोचलेल्या माणसाला पुष्कळदा दूरवर पसरलेला करडा चिखल आणि त्यावर उन्हासमोर काळे दिसणारे ठिपके, एवढेच पाहून परतावे लागते. जंगलात भल्या पहाटे निघण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण चिखलावरच्या पक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा भरती-ओहोटी ठरवते. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेने लांबवर विखुरतात आणि पूर्ण भरतीला चिखलच बुडाल्याने मिठागरांकडे निघून जातात. भरतीपूर्वीच्या दोन-तीन तासांत मात्र चढते पाणी त्यांना हळूहळू किनाऱ्याकडे रेटत आणते.

ही वेळ काढण्याची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्याने दुपारी ऊन पाठीशी राहते. त्यामुळे चतुर्थीच्या आसपास साडेबारा-एकला तेथे पोहोचणे मला सर्वांत लाभाचे वाटते. खाडीपलीकडे ऐरोलीला उलट सकाळचा प्रकाश चांगला. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे.

दुसरी चूक रंगावरून ओळख पटवण्याची. विणीचा पिसारा उतरलेले हे पाहुणे हिवाळ्यात बहुतेक सगळे करडे-तपकिरीच दिसतात, म्हणून आधी चोच, पाय आणि चाल पाहावी. चिखल्या (प्लोव्हर) चार पावले धावतो, थबकतो आणि वाकून टिपतो, कारण तो भक्ष्य डोळ्यांनी हेरतो. तुतवार (सँडपायपर) मात्र मान खाली घालून चोच खुपसत राहतो, कारण त्याच्या चोचीच्या टोकालाच स्पर्शाने भक्ष्य कळते. रोहितांमध्ये, म्हणजे फ्लेमिंगोंमध्ये, गुलाबी चोचीला काळे टोक असलेला मोठा, तर जवळजवळ सगळी चोच गडद किरमिजी असलेला छोटा.

ऊन तापल्यावर दुर्बिणीतले चित्र थरथरू लागले, तर दुर्बीण बिघडली असे समजू नये. ती चिखलावरून उठणाऱ्या गरम हवेची थरथर असते. अशा वेळी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) साठपटीवरून वीस-तीसपटीवर आणावा.

सर्वांत वाईट चूक म्हणजे छायाचित्रासाठी थवा उडवणे. चिखल उघडा असतो तेवढ्याच तासांत या पक्ष्यांना पोट भरायचे असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर उत्तरेकडच्या दीर्घ प्रवासासाठी अंगात चरबीही साठवायची असते. प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. जवळ जाण्यासाठी चिखलात उतरू नये, कारण पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि पाणी मागच्या ओहळांतून आधी भरते. टिपणे थांबवून पक्ष्यांनी माना वर केल्या किंवा लाल पायांचा टिलवा ओरडू लागला, तर आपण फार पुढे आलो आहोत असे समजावे, चार पावले मागे सरून खाली बसावे आणि पाणी चढण्याची वाट पाहावी. थोड्या वेळाने तेच पक्षी आपणहून जवळ सरकतात.