ओव्हरक्लॉक फसलाय? व्होल्टेज वाढवण्याआधी हे तपासा

ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, फसला की हात आधी व्होल्टेजकडे जातो. स्वस्त मदरबोर्डवर बऱ्याचदा चूक होते ती इथेच, कारण अशा बोर्डावर प्रोसेसरच्या आधी त्याला वीज पुरवणारं व्हीआरएम थकतं. म्हणून आधी पीसी चालू स्थितीत आणा आणि मग नेमकं काय अडलंय ते शोधा.

पीसी सुरूच होत नसेल तर

लगेच केबल उपटू नका. दोन-तीनदा बूट फसलं की अनेक बोर्डांचं बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आपोआप मूळ सेटिंगवर येतं. डीडीआर५ रॅम असेल तर मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते.

तरीही काही झालं नाही तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी, क्लिअर करा. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, केबल काढा आणि केसचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. बोर्डावर ‘सीएलआरटीसी’, ‘सीएलआर सीमॉस’ किंवा ‘जेबॅट१’ असं छापलेल्या दोन पिना शोधून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडून ठेवा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ बॅटरी पाचेक मिनिटं काढून ठेवा.

यानंतर दोन गोष्टी हमखास गोंधळात टाकतात. विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागू शकतं, त्यामुळे ती आधीच दुसऱ्या डिव्हाइसवर काढून ठेवा. दुसरं म्हणजे साटा मोड किंवा रेडचं सेटिंग (डिस्क बोर्डाशी कशा जोडल्या जातात ते) बदललं गेलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते, बायोसमध्ये जुना मोड परत निवडला की काम होतं.

मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) बदलूनही वेग तसाच राहत असेल तर हा बिघाड नव्हे. एएमडीच्या ए३२० आणि ए५२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे ‘के’ मालिकेतला प्रोसेसर आणि ‘झेड’ चिपसेट दोन्ही लागतात. बी६६० आणि बी७६० वर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो.

पीसी कधी क्रॅश होतो, यावरून कारण कळतं

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) बंद करा, नाहीतर रॅमची चूक प्रोसेसरच्या माथी बसते. मग तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सिनेबेंच चालवा.

लोड येताच निळी स्क्रीन आली आणि ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ किंवा ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ दिसला, तर बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. पण बायोसमधला आकडा पाहू नका, लोडखालचा पाहा. बायोसमध्ये १.३० व्होल्ट असेल आणि लोडखाली ते १.२३ पर्यंत घसरत असेल, तर आधी लोडलाइन कॅलिब्रेशन (ही घसरण भरून काढणारं बायोसचं सेटिंग) मधल्या पातळीवर आणा. सर्वांत वरची पातळी टाळा, कारण लोड अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळतं.

निळी स्क्रीन न येता वेग मात्र धपकन पडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्या. रायझेन अचानक ०.५५ गिगाहर्ट्झवर अडकला आणि प्रोसेसरचं तापमान ७० अंशांच्या आसपासच असेल, तर बहुतेक वेळा व्हीआरएम तापलेलं असतं. बॉक्ससोबत येणारा कूलर खाली हवा मारतो, त्यामुळे व्हीआरएमलाही थोडी हवा मिळते. टॉवर कूलर आडवी हवा मारतो, तो बसवला की ती बरीच कमी होते. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर त्या भागाकडे एक छोटा पंखा वळवा, फरक पडतो. व्होल्टेज वाढवलंत तर त्रास वाढेलच: वेग तोच ठेवून १.२५ चं १.३५ केलं तर वीज अंदाजे १७ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

पीसी थेट बंदच पडत असेल तर पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर तपासा. आणि नुसता डेस्कटॉप उघडा असताना रीस्टार्ट होत असेल तर रायझेनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरचा (व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगचा) उणे आकडा बहुधा जास्त झालाय. उणे २५ असेल तर उणे १५ करा. लोड टेस्टमध्ये हा दोष सापडत नाही, म्हणून तो बराच काळ छळतो.

पुन्हा प्रयत्न करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. रायझेनवर २५ ते ५० मेगाहर्ट्झ, इंटेलवर १०० मेगाहर्ट्झची पायरी घ्या. प्रत्येक पायरीवर सिनेबेंच १० मिनिटं आणि शेवटी ओसीसीटी हा स्थिरता तपासणारा प्रोग्राम किमान तासभर चालवा. सिनेबेंचचा स्कोअर वेग वाढूनही घटला तर चाचणी पूर्ण होऊनही ओव्हरक्लॉक फसलेलाच समजा. एका १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त लागत असेल तर मागच्या पायरीवर या आणि तिथेच थांबा.

प्रोसेसर स्थिर झाल्यावरच एक्सएमपी चालू करा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. शेवटी विंडोजचं सिस्टिम फाइल चेकर चालवा: वारंवार क्रॅश झाल्याने फाइल खराब होतात आणि ओव्हरक्लॉक काढून टाकल्यावरही तक्रारी सुरू राहतात.