तीन पत्ती खेळताना या चुका टाळा

गणपतीचं जागरण. माजघरात सतरंजी, मधोमध ताटात चिंचोके, रात्रीचा दीड वाजलेला. डावात दोघेच उरले होते, काका आणि मोठा दादा. शो झाला, म्हणजे पत्ते उघडून दाखवायची वेळ आली. काकांनी एक्का-दुर्री-तिर्री टाकली, दादाने एक्का-राजा-राणी, आणि दोघांनी एकदमच ताटाकडे हात नेला. पुढचा अर्धा तास खेळ बंद. काकांच्या चाळीत एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यांत मोठी सिक्वेन्स (ओळीने येणारी तीन पानं) धरत, तर दादाच्या हॉस्टेलवर एक्का-राजा-राणी. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. चूक आम्हा सगळ्यांची होती, कारण नऊ वाजता पत्ते पिसायला घेतले तेव्हा हे कुणी विचारलंच नव्हतं.

घरच्या डावात पत्ते वाटणं आणि भांडणं मिटवणं ही दोन्ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. तीन पत्तीत होणारी बहुतेक बोलाचाली आणि बरंचसं नुकसान पहिलं पान वाटण्याआधीच्या हलगर्जीपणातून येतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

चूक पहिली: ‘नियम सगळ्यांना माहीत आहेत’ असं धरून चालणं

माहीत असतात, पण प्रत्येकाला आपल्या घरचे. हा खेळ कुणा मंडळाने नियमावली छापून सुरू केलेला नाही. मराठवाड्यात याला तिर्रट म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात तीन पानी, कुठे फ्लश. नाव बदलतं तसे बारीक नियमही बदलतात. तरी उतरंड सगळीकडे साधारण एकच असते: ट्रेल (तिन्ही पानं सारखी), प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगातली सलग तीन), सिक्वेन्स (सलग, पण रंग वेगळे), कलर (सलग नसलेली, पण एकाच रंगाची तीन), जोडी, आणि काहीच नसेल तर मोठं पान.

वाद होतात ते या उतरंडीच्या आतल्या खाचाखोचांवरून. एक्का-दुर्री-तिर्रीचा मान कितवा? दोघांचे पत्ते अगदी सारखे निघाले तर पॉट, म्हणजे ताटात जमलेलं सगळं, कुणाचं? (बहुतेक ठिकाणी ज्याने शो मागितला तो हरतो. हा नियम मला रास्त वाटतो, कारण थांबायची घाई त्याने केली.) साइड शो (दोघांनीच आपसात पत्ते ताडून बघणं) फक्त आपल्या आधी चाल केलेल्या, म्हणजे पैज टाकलेल्या, सीन (पत्ते बघितलेल्या) खेळाडूलाच मागता येतो का, आणि तो नाकारू शकतो का? दोघेच उरले आणि त्यातला एक ब्लाइंड (पत्ते न बघता खेळणारा) असेल, तर सीन खेळाडूला शो मागता येतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महागात पडतो. अनेक ठिकाणी तशी परवानगी नसते. मग हातात चांगली जोडी असलेला माणूस दर फेरीला दुप्पट भरत बसतो आणि समोरचा पत्त्यांना हात न लावता अर्ध्या पैशांत त्याला दमवतो. हे आधी ठरलेलं नसलं, तर त्या क्षणी कुणीच निष्पक्ष उरत नाही.

आम्ही आता वहीच्या पाठच्या पानावर या चार गोष्टी, बूट (डाव सुरू होताना प्रत्येकाने ताटात टाकायचे चिंचोके) किती आणि पॉटची कमाल मर्यादा किती हे लिहून वही ताटाखाली सरकवतो. दोन मिनिटांचं काम आहे.

चूक दुसरी: खेळाला पांडवांपर्यंत नेणं

दिवाळीत हटकून कुणीतरी म्हणतं, ‘अरे, हा तर महाभारतातला खेळ.’ महाभारतात द्यूत आहे, ते फाशांचं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याच्या तोंडी आहे, तिथेही बेहड्याच्या फळांचे अक्ष आहेत, पत्ते नाहीत. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, तेही याच फाशांच्या परंपरेतून.

दुसरा गैरसमज गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाचा. सावंतवाडीचे गोल, लाखेचा हात दिलेले गंजिफे ज्यांनी पाहिले असतील त्यांना तिथूनच तीन पत्ती आली असं वाटणं साहजिक आहे. गंजिफा आपल्याकडे जुना खराच. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पण दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची १२० पानं असतात आणि तो हात करण्याचा खेळ आहे. समोरच्याला पैजेने घाबरवून उठवायचं हा तीन पत्तीचा प्राण त्यात नाही.

तीन पत्तीचं घराणं इंग्लंडचं. सोळाव्या शतकात युरोपात प्रिमेरो नावाचा पैजेचा खेळ होता, त्याच कुळात पुढे इंग्लंडात ब्रॅग आला. एडमंड हॉइलने १७५१ मध्ये ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हाच खेळ इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला आणि आपल्या बायाबापड्यांनी, पोराटोरांनी तो इतका आपलासा केला की मूळ विसरलं गेलं.

हा इतिहास सांगायचं कारण आमच्या त्या जागरणाच्या भांडणातच आहे. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यांत मोठी सिक्वेन्स असते आणि सगळ्यांत मोठी ट्रेल तीन तिर्र्यांची. आपण तीन एक्क्यांना गादीवर बसवलं, तिर्र्यांचा मान काढून घेतला, पण एक्का-दुर्री-तिर्रीचा मान काही घरांनी ठेवला, काहींनी नाही. काका जुन्या इंग्रजी वळणाने खेळत होते, इतकंच. त्यांना हे पुढच्या वर्षी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

सीन खेळाडूला ब्लाइंडकडे शो मागता न येण्याचा नियमही ब्रॅगचाच.

चूक तिसरी: ब्लाइंड आणि सीनच्या हिशेबातला घोळ

नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. समजा बूट १० चिंचोक्यांचा आणि चौघे खेळताहेत. ताटात ४०. आत्या पत्ते न बघता १० टाकते. काका पत्ते बघतात. आता त्यांना किमान २० आणि जास्तीत जास्त ४० टाकता येतात. ते ४० टाकतात. पुढे दादा, तो ब्लाइंड. त्याने किती टाकायचे?

इथे ‘काकांनी ४० टाकले म्हणून मीही ४०’ असं तो म्हणतो आणि फुकट दुप्पट भरतो. सीन खेळाडूचा आकडा ब्लाइंडसाठी नेहमी निम्मा धरायचा. म्हणजे दादाला २० पुरतात, हवे तर तो ४० पर्यंत जाऊ शकतो. त्याने २० टाकले की वहिनी, पत्ते बघितलेली, तिला किमान ४० टाकावे लागतात. ती २० टाकते, कारण तिने फक्त दादाने टाकलेला आकडा बघितला. ताटात चिंचोके मिसळले की कुणी किती टाकले हे सिद्ध करता येत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येकाने टाकताना आकडा मोठ्याने बोलायचा आणि वाटणाऱ्याने ‘आता ब्लाइंड वीस, चाल चाळीस’ असं दर वेळी पुकारायचं. आमची आत्या हे भाजीवालीच्या ठसक्यात पुकारते आणि तिच्या डावात कधीच घोळ होत नाही.

ब्लाइंड राहण्याचा फायदा खरा आहे, पण तो स्वस्ताईचा आहे. ब्लाइंड खेळलं की पत्ते चांगले निघतात, ही समजूत सोडा. पानं वाटून झाली तेव्हाच ती ठरलेली असतात. पहिल्या एक-दोन फेऱ्या, गर्दी असताना, ब्लाइंड राहावं. समोरचे दोघे पत्ते बघून चाल वाढवू लागले की पत्ते उचलावेत. त्यानंतरही ईर्ष्येने ब्लाइंड ओढत राहणारा माणूस मी अनेकदा हात झटकत उठताना पाहिला आहे.

चूक चौथी: हातातल्या पानांची किंमत चुकीची लावणं

५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४. उरलेले १६,४४० हात म्हणजे काहीच नाही, नुसतं मोठं पान. हे जवळजवळ ७४ टक्के झाले. ट्रेल ४२५ हातांत एकदा येते. ‘आज अजून ट्रेल आली नाही, आता येणारच’ म्हणणाऱ्याने हा आकडा आठवावा, कारण पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही.

बारकाईने बघितलं तर इथे एक गंमत दिसते. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी आपण ट्रेलला वर ठेवतो. डेरेक वेबने १९९४ मध्ये ब्रॅगवरून थ्री कार्ड पोकर बनवला, त्यात ही दुरुस्ती केली आणि प्युअर सिक्वेन्स वर नेली. गोव्यात किंवा परदेशात कॅसिनोच्या टेबलावर बसणाऱ्या मराठी माणसाने आधी हे विचारून घ्यावं. तीन पत्तीचं टेबल वेगळं आणि थ्री कार्ड पोकरचं वेगळं.

आता व्यवहारातला प्रश्न: किती चांगल्या हातावर डावात टिकून राहायचं? पाच जण खेळत असतील तर कुणा ना कुणाकडे जोडी किंवा त्याहून वरचं असण्याची शक्यता साधारण चारात तीन वेळा असते. म्हणजे एक्का-नव्वी-पंजी घेऊन पाच जणांत चाल करत राहणं महागडं. पण दोघेच उरले असतील तर त्याच एक्क्याचा हात निम्म्याहून जास्त हातांना मारतो. पानं तीच, किंमत समोर किती माणसं आहेत यावर बदलते. नवखे लोक पानांकडे बघतात, माणसं मोजत नाहीत.

चूक पाचवी: मध्येच प्रकार बदलणं

रात्र चढली की कुणीतरी म्हणतं, ‘आता एके-४७ खेळू.’ एक्के, राजे, चौक्या, सत्त्या सगळे जोकर. मजा येते, पण माणसं जुन्याच हिशेबाने खेळत राहतात आणि तिथे फसतात. यात १६ जोकर असतात. एकही जोकर नसलेला हात तीनात एकदाच येतो, बाकी सगळ्यांकडे किमान जोडी असतेच. साध्या खेळात ४२५ हातांत एकदा दिसणारी ट्रेल इथे चारात एकदा दिसते! एके-४७ मध्ये छान जोडी आली म्हणून चाल वाढवणारा माणूस खरं तर रिकाम्या हाताने लढत असतो.

मुफलिस नावाच्या प्रकारात उलटं. सगळ्यांत हलका हात जिंकतो आणि जोडी दिसली की आनंदाने उसळणारा भाऊ सवयीने चाल टाकून बसतो. प्रकार बदलायचा तर चालू डाव पूर्ण संपवून, नियम मोठ्याने सांगून, आणि शक्यतो एक डाव चिंचोक्यांशिवाय खेळून मग बदला.

पत्त्यांबद्दल थोडं

खेळ सुरू करण्याआधी पानं मोजा. मागच्या मे महिन्यात मुलांनी बंगला बांधला होता त्या कॅटमधून इस्पिकची राणी गायब असते आणि रात्री अकराला ते कळतं. पानांचे कोपरे दुमडलेले नकोत. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की कॅटचे दोन भाग एकमेकांत फडफडवत मिसळले तर सात वेळा पिसणं पुरतं. आपण हातातल्या हातात वरची पानं खाली घालतो, त्याने मागच्या डावातले हात बरेच एकत्र राहतात. तेव्हा सतरंजीवर पानं पसरून दोन्ही हातांनी कालवा, मग गोळा करा, कापायला उजवीकडच्याला द्या. पॅक केलेली, म्हणजे डाव सोडून टाकलेली, पानं पालथीच ठेवा आणि ‘मी काय सोडलं माहितीये?’ हे डाव संपेपर्यंत बोलू नका. त्या एका वाक्याने खेळत असलेल्या दोघांचा हिशेब बदलतो.

पैशाची चूक

हे मी मनापासून सांगतो, कारण ओळखीच्या एका घरात या खेळाने झालेली पडझड मी जवळून पाहिली आहे. तिथे सुरुवात बुटाच्या पाच रुपयांवरच झाली होती.

‘तीन पत्ती कौशल्याचा खेळ आहे, रमीसारखा’ असं म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा सत्यनारायण खटला म्हणून ओळखला जाणारा निकाल बघावा. त्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि त्याच वेळी फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे असंही सांगितलं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. जुगार चालू असलेल्या अड्ड्यावर जो सापडेल तो खेळायलाच आला होता असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. ‘मी नुसता बघत होतो’ हे तिथे चालत नाही. आणि चहा-भज्यांच्या खर्चाला म्हणून पॉटमधून नाल (जागेच्या मालकाचा वाटा) काढायची सवय काही घरांत असते, ती आजच बंद करा. जागेचा मालक खेळातून पैसा काढतो का, हाच प्रश्न अड्डा ठरवताना बघितला जातो.

फोनवरच्या पैशाच्या डावांना तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ म्हणजे बंदी. तरी कुणी लिंक पाठवली, ‘पहिले शंभर फुकट’ म्हणाला, तर ती उघडू नका. तिथे पत्ते कोण पिसतं हे तुम्हाला दिसत नाही.

घरी आम्ही प्रत्येकाला संध्याकाळी शंभर चिंचोके मोजून देतो. संपले की संपले, उधारी नाही. चिंचोके संपलेला माणूस स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकतो. गेल्या वर्षी पहिला चहा मी टाकला होता, साडेदहालाच.