टीपीएनवरचा पेशंट ऑपरेशनला घेताना : शुगरच्या या चुका टाळा

सगळ्यात धोक्याची चूक ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारातच होते. वॉर्डातून हलवताना नळ्यांची अडचण नको म्हणून टीपीएनची (शिरेतून दिल्या जाणाऱ्या संपूर्ण पोषणाची) पिशवी काढतात आणि इन्सुलिनचा सिरिंज पंप मात्र तसाच चालू राहतो. शिरेतून सतत ग्लुकोज जात असल्याने शरीराचं स्वतःचं इन्सुलिनही चढलेलं असतं. मग शुगर झपाट्याने घसरते. टीपीएन थांबवायचंच असेल तर त्याच वेगाने १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) लावा आणि इन्सुलिनचा डोस तिथल्या तिथे पुन्हा ठरवा. इन्सुलिन पिशवीतच मिसळलंय की वेगळं चालू आहे, हे वॉर्डच्या सिस्टरना आधीच विचारून घ्या.

जागा पेशंट ‘गरगरतंय’ म्हणतो, भुलेखालचा काहीच सांगू शकत नाही. घाम आला, नाडी वाढली तर भूल हलकी झाली असंच आधी वाटतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) घेणाऱ्याची तर नाडीही फारशी वाढत नाही. म्हणून शुगर तासातासाने बघाच, इन्सुलिन चालू असेल तर दर अर्ध्या तासाने. साधारण १४० ते १८० मिग्रॅ प्रति डेसिलिटर दरम्यान राहिली की पुरे. त्याहून खाली आणायची घाई नको.

आता रक्त कुठून घेतलं ते. टीपीएन चालू असलेल्या हातातून किंवा त्याच सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून) घेतलेल्या रक्तात पिशवीतलं ग्लुकोज मिसळतं. त्याहून घातक म्हणजे आर्टेरियल लाइनच्या (धमनीतल्या नळीच्या) फ्लशला, म्हणजे ती मोकळी ठेवणाऱ्या द्रावणाच्या जागी, चुकून डेक्स्ट्रोजची बाटली लागणं. प्रेशर बॅगमध्ये (बाटलीवर दाब देणाऱ्या पिशवीत) घातली की लेबल झाकलं जातं. मीटर ४५० दाखवतो, इन्सुलिन वाढवलं जातं, खरी शुगर तळाला जाते. यात रुग्ण दगावले आहेत. बाटली बॅगेत घालण्याआधी लेबल मोठ्याने वाचा, फ्लशला ०.९ टक्के सलाइनच हवं. आकडा अचानक चढला तर इन्सुलिनला हात लावण्याआधी दुसऱ्या जागेवरून रक्त घ्या.

बोटं गार पडली असतील, बीपी खाली असेल तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका. रक्तस्राव होऊन हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) उतरलं तर बरेच मीटर शुगर जास्त दाखवतात. धमनीतलं रक्त एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनवर लावा. त्यात पोटॅशियमही कळतं आणि इन्सुलिन चालू असताना ते बघायलाच हवं.

७० च्या खाली गेली तर इन्सुलिन बंद, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. रिकव्हरीत सोपवताना टीपीएन कधी थांबलं, आता काय चालू आहे, शेवटची शुगर किती वाजता घेतली, हे चार्टवर लिहूनच द्या.