देण्यासाठी क्रोशाची टोपी: आधी डोकं, मग नक्षी

क्रोशाच्या विणकामात टोपीइतकी द्यायला सोयीची वस्तू दुसरी नाही. लोकर थोडी लागते, दोन-तीन दुपारींत ती हातावेगळी होते आणि घेणाऱ्याला ठेवायला जागाही फारशी लागत नाही. तरी हौसेने विणून दिलेल्या कितीतरी टोप्या एकदा डोक्यावर चढतात आणि मग कपाटात जातात. टोचते, कानापर्यंत येत नाही, धुतल्यावर सैल पडली, अशी कारणं असतात. विणकाम चांगलं असूनही हे होतं, कारण सुरुवात नक्षीपासून झालेली असते. टोपी दुसऱ्याला द्यायची असेल तर ती कोणाच्या डोक्यावर बसणार आहे, हे लोकर विकत घेण्याआधी ठरवायला हवं.

आपल्याकडे बाळंतविड्यात झबली-दुपट्यांबरोबर टोपडं आणि कुंची द्यायची पद्धत जुनीच आहे. त्यामुळे पहिली टोपी बहुधा बाळाचीच होते. दुसरी गरज कमी बोलली जाते: केमोथेरपीत केस गेलेल्या माणसांची. या दोन टोप्या विणण्याची रीत एकच आहे, बाकी जवळजवळ सगळं वेगळं.

लोकर निवडताना

दुकानात ॲक्रिलिकच्या गुंड्यालाही लोकरच म्हणतात, म्हणून वेष्टनावरचं लेबल वाचूनच घ्या. बाळासाठी मऊ सुती दोरा किंवा खास बाळांसाठीचं मऊ ॲक्रिलिक चालतं. ॲक्रिलिक लवकर वाळतं आणि धुऊन आटत नाही, हे त्याचे गुण. पण बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी देणारं घर असेल तर तिथे सुतीच द्या. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. याच कारणाने त्याला इस्त्रीही लावायची नाही. केसाळ, तंतू सुटणारी लोकर बाळासाठी अजिबात नको. ते तंतू थेट तोंडात आणि नाकात जातात.

केमोच्या काळात डोक्याची कातडी फार नाजूक होते. मेंढीची लोकर तिथे टोचते. मऊ सुती किंवा बांबूमिश्रित दोरा घ्या आणि गुंडा गालावर किंवा मानेवर थोडा वेळ घासून पाहा. हाताच्या तळव्याला जे मऊ वाटतं ते मानेला टोचू शकतं. रुग्ण कुठे राहणार आहे तेही विचारा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला देशभरातून माणसं उपचारांसाठी येतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांना पातळ सुती टोपी लागते. तोच माणूस जानेवारीत बिहारला घरी परतला, की त्याला कान झाकणारी उबदार टोपी हवी असते. जमलं तर दोन्ही द्या.

बाळाच्या टोपीला साधारण 25 ते 30 ग्रॅम दोरा पुरतो, मोठ्यांच्या सुती टोपीला 80 ते 100 ग्रॅम. दोन गुंडे लागणार असतील तर दोन्हीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, सारखा आहे ना, ते पाहा. लाल किंवा गडद निळा सुती दोरा असेल तर छोटा तुकडा पांढऱ्या कापडात गुंडाळून कोमट पाण्यात ठेवा. रंग सुटला तर तो दोरा दुसऱ्या कामाला.

माप

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 36 सेंटिमीटर असतो, वर्षाच्या मुलाचा 45-46, मोठ्या बाईचा 55-56 आणि पुरुषाचा त्याहून एक-दोन सेंटिमीटर जास्त. टोपी घेराइतकी विणायची नाही. ती ताणून बसायला हवी, म्हणून बाळासाठी 3 आणि मोठ्यांसाठी 4-5 सेंटिमीटर कमी धरा. सुती दोरा ताणला की पूर्ववत होत नाही, तिथे कमी धरताना हात आखडू नका. केमोच्या टोपीत डोक्यावर केस नसतात, त्यामुळे नेहमीच्या मापाची टोपीही सैल होते.

आता या कमी केलेल्या घेराला 3.14 ने भागा. येणारी संख्या म्हणजे टोपीच्या सपाट गोल माथ्याचा व्यास. बाळासाठी 35 मधून 3 गेले 32, आणि 32 भागिले 3.14 म्हणजे जवळपास 10 सेंटिमीटर. माथा एवढा झाला की टाके वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली यायचं. हा एक हिशोब नीट कळला की कुठल्याही डोक्याची टोपी नमुन्याशिवाय विणता येते. म्हणून सुरुवातीला दुसरं काही पाठ करण्याआधी हेच शिकावं असं माझं मत आहे.

नवजात बाळाची टोपी

मध्यम-पातळ दोरा आणि 4 मिलिमीटरची सुई घ्या. चार साखळ्या जोडून कडं केलं तर माथ्यावर भोक राहतं. त्याऐवजी बोटाभोवती दोऱ्याचा सैल फास घ्या, त्यात टाके घाला आणि शेवटी टोक ओढून फास आवळा.

पहिला गोल: फासात 3 साखळ्या, म्हणजे पहिला खांब, आणि आणखी 11 खांब (खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका). एकूण 12. शेवटचा खांब तिसऱ्या साखळीला जोडा. यापुढे प्रत्येक गोल 3 साखळ्यांनी सुरू करून असाच जोडायचा.

दुसरा: प्रत्येक टाक्यात दोन खांब, 24.

तिसरा: एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं फिरत 36.

चौथा: दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन, 48.

पाचवा: सात टाक्यांत एकेक, आठव्यात दोन, 54.

इथे विणकाम टेबलावर पसरून पट्टीने मोजा. व्यास 10 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पुढे निघा. कडा झालरीसारख्या उठत असतील तर टाके जास्त झालेत. माथा सपाट न राहता आताच वाटीसारखा वळत असेल तर हात घट्ट आहे किंवा टाके कमी पडलेत. सुई अर्ध्या मिलिमीटरने बदलून पुन्हा करा. उसवायचा कंटाळा करू नये. माथा चुकला तर खालचं सगळं चुकतं.

पुढे न वाढवता प्रत्येक टाक्यात एक खांब. माथ्याच्या मध्यापासून उंची 13 ते 14 सेंटिमीटर भरेपर्यंत, म्हणजे साधारण आठ गोल, असंच विणत जा. शेवटी मुक्या खांबाचे, म्हणजे वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्याचे, दोन गोल घातले की कड नीट बसते. ती फार घट्ट विणू नका, नाहीतर कपाळावर वळ उठतो.

वर्षाच्या मुलासाठी 12-12 वाढवत 72 पर्यंत जा, मोठ्या बाईसाठी 84 किंवा 90. मोठ्यांची उंची 20-21 सेंटिमीटर धरा. केमोच्या टोपीला आणखी दोन-तीन सेंटिमीटर द्या, कारण मानेवरचे केसही गेलेले असतात.

व्हिडिओ पाहून शिकत असाल तर एक पाहून घ्या: अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला आहे ते आधी कळलं नाही तर टोपीची उंची पार बदलते.

आतली बाजू

बाहेरून सगळे पाहतात, पण डोक्याला लागते ती आतली बाजू. दोऱ्याची टोकं 15 सेंटिमीटर तरी लांब ठेवा आणि बोथट सुईने तीन वेगवेगळ्या दिशांनी आत ओवा. गाठ मारू नका. केस नसलेल्या डोक्यावर एवढीशी गाठसुद्धा झोपताना रुतते.

बाळाच्या टोपीला बटणं, मणी, गोंडे नकोत, ते निघून तोंडात जातात. हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्याही नकोत, जुन्या टोपड्यांना त्या असल्या तरी. गळ्याभोवती आवळण्याचा धोका खरा आहे. मोठ्या जाळीच्या नक्षीत इवलं बोट अडकतं, म्हणून भरीव विणच बरी.

देताना आईला एवढं जरूर सांगा: नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उघड्या डोक्यातून ऊब लवकर जाते, म्हणून जन्मानंतर टोपी घालतात. कमी वजनाच्या बाळांना तर ती फारच लागते. पण घरी आल्यावर बाळाला टोपी घालून झोपवू नये. अंग तापतं आणि टोपी घसरून नाकावर येऊ शकते.

पोचवताना

इस्पितळात द्यायच्या असतील तर विणण्याआधी विचारा. नवजात विभागातल्या मुख्य परिचारिका किंवा इस्पितळातले समाजसेवक योग्य माणसं. संसर्गाच्या भीतीमुळे प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात: कुठे फक्त सुती चालतं, कुठे बाहेरच्या वस्तू घेतच नाहीत. सगळ्या टोप्या बिनवासाच्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, एकेक पिशवीत घाला. केमोत साध्या अत्तराच्या वासानेही मळमळतं. पिशवीत चिठ्ठी ठेवा: दोरा कोणता, माप कोणतं, कशी धुवायची. मराठीबरोबर हिंदीतही लिहा.

रुग्णाला एकच टोपी हातात देऊ नका, तीन-चार रंग समोर ठेवा आणि निवडू द्या. आजारपणात बहुतेक गोष्टी दुसरेच ठरवत असतात. टोपी घातलेला फोटो मागू नका.

उपचार चालू असताना नातेवाईक तासन् तास बसून असतात. त्यांतल्या कोणी शिकायची इच्छा दाखवली तर पहिल्यांदा गोल टोपी शिकवू नका. 5 मिलिमीटरची सुई आणि फिक्या रंगाचा जाड दोरा द्या, गडद रंगात नवख्याला टाके दिसत नाहीत. वीस साखळ्या घालून मुक्या खांबाची सरळ पट्टी सुरू करून द्या. पट्टी डोक्याभोवती येईल एवढी झाली की टोकं शिवायची, झाली कान झाकणारी पट्टी. बहुतेकांना टोपीचा माथा त्यानंतरच जमतो.