टी-पी, टी-जी आणि वेगमर्यादेतल्या चुका: या टाळा

मिरज–लोंढा पट्ट्यात रेल्वे इंजिन चालवणारी नवीन पायलट पोरं त्याच त्याच चुका करताना दिसतात. सगळ्यांच्या मुळाशी घाई.

सर्वांत वाईट चूक म्हणजे इंजिन बाहेर आलं की गाडी बाहेर आली असं समजणं. ५८ वाघिणींची मालगाडी सव्वासहाशे मीटरच्या वर जाते. ताशी २० किलोमीटरच्या वेगानं इंजिन रुळांचं काम चालू असलेल्या जागेतून सुटलं, तरी शेवटचा डबा सुटायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. म्हणूनच मर्यादा संपल्याच्या दोन पाट्या असतात. टी-पी पॅसेंजरसाठी, टी-जी मालगाडीसाठी.

एका पावसाळ्यात खानापूरच्या पुढं, जंगलात, खडी वाहून गेल्यामुळं २० ची मर्यादा लागली होती. मी लोको इन्स्पेक्टर म्हणून केबिनमध्ये होतो. पायलटानं वेग नीट धरला होता. टी-पी दिसताच त्याचा हात नॉचकडं, म्हणजे वेग वाढवायच्या दांड्याकडं गेला.

"आरं, ती पॅसेंजरची पाटी. आपली पुढं आहे."

"इंजिन आलं की ओ बाहेर, साहेब."

मी त्याला खिडकीतून मागं बघायला लावलं. वळणावर मागचे डबे अजून कामावरच होते. गँगमन गटाराच्या काठाला पाठ टेकून उभे होते, एकाच्या हातात पहार, आणि वाघिणी त्याच्यापासून दोन हातांवरून जात होत्या. पोरानं हात मागं घेतला. त्या माणसांचा जीव त्या दोन मिनिटांवर असतो, हे पायलटाच्या डोक्यात कायम असलंच पाहिजे.

माझी सवय अशी: टी-जी आली तरी वॉकी-टॉकीवर गार्डला (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) विचारायचं, "शेवटचा डबा बाहेर?" उत्तर आल्यावरच नॉच. काही जण याला वेळखाऊपणा म्हणतात. त्यांचं मला पटत नाही.

दुसरी चूक ब्रेकची. वेगाची त्रिकोणी पाटी कामाच्या जागेच्या फक्त ३० मीटर अलीकडं असते. ती बघून ब्रेक लावाल तर उशीर झालाच. माशाच्या शेपटीची पिवळी पाटी दिसली की ब्रेक सुरू. आणि लावला, सोडला, परत लावला असं करू नका. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, आणि लांब गाडीत मागच्या डब्यांत हवा भरायला वेळ लागतो; ती भरायच्या आत परत लावलेला ब्रेक हवा तसा धरत नाही.

कॉशन ऑर्डर, म्हणजे वाटेतल्या तात्पुरत्या मर्यादांचा कागद, सही करून खिशात घालू नका. समोर लावा, असिस्टंटला मोठ्यानं वाचायला सांगा.

मिरजेला झालेला उशीर मर्यादेच्या पट्ट्यात भरून काढायचा नसतो.

कायमच्या मर्यादा वर्किंग टाइमटेबलमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात असतात, त्या पाठ पाहिजेत. आणि लोंढ्याहून कॅसलरॉक–कुळेम घाटात जाणार असाल, तर तिथं ३७ ला १ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर उतार आहे. घाट शिकल्याशिवाय एकट्यानं गाडी घेऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.