नवी विजेची गाडी लोकांसमोर आणताय? या चुका टाळा

अनावरणाची तारीख आधी ठरते आणि गाडी तिच्यामागे धापा टाकत येते. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

सिंक्लेअर सी५ घ्या. ब्रिटिश उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ही विजेवरची तीनचाकी १० जानेवारी १९८५ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दाखवली. ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ! वरून उघडी गाडी आणि आत लेड-ॲसिड बॅटरी, जिचा दम थंडीत आधीच उतरतो. जाहीर केलेला २० मैलांचा पल्ला अनेकांना मिळालाच नाही. पल्ला मोजायचा तो थंड सकाळी, चढाच्या रस्त्यावर, वजनदार माणूस बसवून. तिथे जो आकडा येईल तोच जाहिरातीत छापा. कमी वाटला तर वाटू दे.

चढावर आणखी एक गंमत. २५० वॅटची मोटर तापली की उरलं पॅडल. गिअर एकच, आणि बॅटरीसकट गाडी साधारण ४५ किलोची. पाय किती लांब हवेत तेही गाडीनेच ठरवलेलं, कारण सीट पुढेमागे सरकत नव्हती. म्हणून चाचणीला कारखान्यातली माणसं पुरत नाहीत. त्यांना गाडीच्या खोडी पाठ असतात. बुटके, उंच, गुडघे दुखणारे असे परके लोक बसवा, आणि ते चुकत असताना मध्ये बोलू नका.

सी५मध्ये माणूस मागे रेलून बसे, हँडल मांड्यांखाली. शेजारी ट्रक थांबला की डोळ्यांसमोर त्याचं चाक. मागच्याला आपण दिसावं म्हणून उंच काठीवर परावर्तक लावता येई, पण ३९९ पौंडांच्या किमतीत तो नव्हता, त्याचे पैसे वेगळे. ही काटकसर मला सगळ्यांत जास्त खटकते. जिवाशी संबंधित वस्तू मूळ किमतीतच धरा.

बॅटरी संपत आली की गाडी कशी वागते, हेही विक्रीआधीच बघा. सेगवे ही उभं राहून चालवायची, स्वतःच तोल सांभाळणारी दोनचाकी. २००३मध्ये कंपनीला अशा सुमारे ६,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. चार्ज कमी असताना झटकन वेग घेतला की तोल राखायला वीज पुरत नसे आणि माणूस पडे. उपाय निघाला सॉफ्टवेअरमध्ये.

व्यासपीठावरच्या कसरतींबद्दल एवढंच: २०१९मध्ये टेस्लाच्या सायबरट्रक या विजेच्या पिकअप गाडीच्या 'अभेद्य' काचेवर पोलादी गोळा मारला आणि ती तडकली. आधी दारावर मारलेल्या घणाने काचेची खालची कड कमकुवत झाली होती, असं टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी नंतर सांगितलं. एकाच नमुन्यावर दोन प्रयोग करू नयेत, हे प्रयोगशाळेतल्या कुणीही सांगितलं असतं.

आणि पहिली खेप छोटी ठेवा. सी५ सुमारे १४,००० बनल्या. ऑक्टोबर १९८५मध्ये कंपनी बुडाली, तोवर जेमतेम ५,००० खपल्या होत्या.