जुन्या वाणाचा भोपळा: आधी चाखा, मग बी धरा

जुन्या वाणाच्या लाल भोपळ्याचं बी कुठल्या फळातून धरायचं, हे मी स्वयंपाकघरात ठरवते. वेलावर सगळ्यांत मोठं दिसणारं फळ शिजवल्यावर पाणचट निघू शकतं आणि त्याचंच बी धरत गेलं तर काही वर्षांत नाव तेच राहतं, चव मात्र जाते. म्हणून लावणं आणि रांधणं ही माझ्या लेखी दोन कामं नाहीतच.

लावणी सोपी आहे. माती उबदार झाल्याशिवाय बी टोचू नका. थंड, ओल्या मातीत ते कुजतं. आळ्यात भरपूर कुजलेलं खत मिसळा, दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर तीन बिया लावा आणि पुढे जोमदार रोप एकच ठेवा. दोन आळ्यांत दोन मीटर तरी अंतर हवं. वेल पसरू लागला की पेरांवर थोडी माती ओढा. तिथे नवी मुळं फुटतात आणि वेलाला जास्तीचा आधार मिळतो. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. वेलाला दोन-तीन फळं धरली की मी शेंडा खुडते.

खरी काळजी घ्यायची ती फुलांच्या वेळी. जुना वाण बियांतून जसाच्या तसा उतरतो, पण परागकण त्याच वाणाचे असतील तरच. मधमाशी कुंपण मानत नाही. भोपळ्याच्या तीन मुख्य जाती आहेत: पेपो, मॅक्सिमा आणि मोस्काटा. एकाच जातीतले वाण एकमेकांत सहज मिसळतात, म्हणजे झुकिनी (तीही पेपोच) आणि पेपो जातीचा भोपळा शेजारी असले की बियांत संकर होणारच. जात देठावरून कळते. मॅक्सिमाचा देठ गोल आणि बुचासारखा मऊ असतो. मोस्काटाचा कठीण, कडांचा आणि फळाला टेकतो तिथे पसरट, तर पेपोचा कठीण, खोल कडांचा पण फारसा न पसरलेला. संकर झाला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही, कारण गर आईच्या वेलाचा असतो. फरक दिसतो पुढच्या हंगामात, त्या बिया लावल्यावर.

त्यामुळे बियाण्याच्या फळांचं परागीभवन हातानेच करा. संध्याकाळी वेलावर फिरून उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधा; त्यांची टोकं पिवळसर झालेली असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाचा देठ सरळ आणि बारीक असतो. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने सैल बांधा. सकाळी लवकर नर फूल खुडून पाकळ्या काढा, मादी फुलाचा दोरा सोडा आणि नराचा पिवळा दांडा मादीच्या मधल्या भागावर हलकेच सगळीकडून फिरवा. शक्य असेल तर दोन-तीन नर फुलं, तीही दुसऱ्या वेलावरची, वापरा. मग मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा. उन्हं चढली की फुलं मिटतात, तेव्हा हे काम उद्यावर ढकलता येत नाही. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्याने घाबरू नका. जास्तीची नर फुलं भाजीत छान लागतात.

साल नखाने ओरखडता येत नाही आणि देठ वाळून कडक झाला की फळ काढा. देठ चार-पाच सेंटिमीटर ठेवूनच कापा आणि त्याला धरून फळ कधीच उचलू नका. देठ निखळला की तिथून कुजायला सुरुवात होते. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवा, मग थंड आणि कोरड्या जागी. मोस्काटा आणि मॅक्सिमा लगेच कापायची घाई करू नका. साठवणीत पिठूळपणाचं साखरेत रूपांतर होत जातं आणि आतल्या बियाही भरतात.

कापल्यावर पहिलं काम म्हणजे कच्च्या गराचा छोटा तुकडा जिभेवर टेकवणं. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ, बियांसकट, टाकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि माणसाला आजारी पाडतो. या एका बाबतीत काटकसर नको.

गोड निघालं तर अर्धं करून, कापलेली बाजू खाली ठेवून, २०० अंश सेल्सिअसवर सुरी सहज आत जाईपर्यंत भाजा. मध्यम फळाला पाऊण ते एक तास लागतो. उकडण्यापेक्षा मला हेच आवडतं, कारण पाणी उडतं आणि गोडवा दाट होतो. पाणी सुटलंच तर गर फडक्यात बांधून टांगा. घट्ट, कोरडा गर पिठात मळायला आणि गोडाला उत्तम. मऊ, रसाळ गर सूपला. पेपोचा गर बरेचदा तंतुमय असतो, तो मी परतायला किंवा सारणात घालते.

रंगीत दोऱ्याच्या प्रत्येक फळाचा घास खाऊन नोंद करा: गोडी, कोरडेपणा, किती टिकलं. चवीला उतरलेल्या फळांच्याच बिया, जमतील तितक्या वेगवेगळ्या वेलांच्या, धुवून सावलीत वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडली की बी वाळलं. मग वाण आणि वर्ष लिहून हवाबंद बरणीत ठेवा. ते चार-पाच वर्षं उगवतं. उरलेल्या बिया मीठ लावून मंद आचेवर भाजा, पण बियाण्याची बरणी आधी भरून बाजूला ठेवल्यावरच.